‘इतर’च्या रकान्यात कोयता

पत्र:

मॅडम, नमस्कार. मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सिनियर कॉलेजला सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते आणि शिक्षणशास्त्रात पीएचडी करतेय, पाचवं वर्ष चालू आहे. विषय आहे पहिल्या पिढीतल्या पदवी विद्यार्थ्यांची गैरहजेरी आणि गळती. 120 फॉर्म वाटले, 94 परत आले. त्यातल्या 31 जणांनी सगळ्या विधानांना सलग ‘सहमत’ केलंय, अगदी एकमेकांच्या विरुद्ध असलेल्या विधानांनासुद्धा. मुलाखती प्राचार्यांच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत घ्याव्या लागल्या, मधलं दार उघडं. एका मुलीने मनातलं खूप सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, मॅडम ते लिहू नका. गैरहजेरीच्या कारणांत मी आजारपण, घरकाम, प्रवासाची अडचण, अभ्यासात रस नाही आणि इतर असे पर्याय दिले होते, तर निम्म्याहून जास्त मुलांनी ‘इतर’ केलं, आणि एकाने पुढच्या रेघेवर फक्त ‘कोयता’ लिहिलंय. फॉर्मवर नाव नाही पण अक्षरावरून मला कळलंय कोण आहे, त्याची मुलाखत घेऊ का? गाईड म्हणतात टेबल नीट दिसत नाही, ते 31 ‘ॲडजस्ट’ कर, गृहीतक सिद्ध झालं पाहिजे. वर म्हणतात दुसऱ्या चॅप्टरमध्ये क्रिटिकल थिअरी टाक, आजकाल एक्झामिनरला आवडते. मी होर्कहायमर, हाबरमास वाचायला घेतले, डोक्यात काही शिरत नाही. शिवाय मी स्वतःच तासावर पैसे घेणारी, दरवर्षी माझी नेमणूक संपते, मी कुणाची चिकित्सा करणार? एक पेपर छापायला साडेतीन हजार मागताहेत तेही आहेच. सगळा रिसर्च म्हणजे नुसता पसारा झालाय. सबमिट करू की सोडून देऊ?
– एक सीएचबी

उत्तर:

बाई गं, सोडू नकोस. हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं निवांत वाचशील. आणि तुला तूच म्हणते, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुली आता तुझ्याच वयाच्या असतील.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यासारखंच वाटलं की अरे देवा, काय हा पसारा. दुसऱ्यांदा वाचताना मात्र लक्षात आलं की तू जे जे बिघडलं म्हणून लिहिलंयस ते सगळं तुझ्या विषयाबद्दलच बोलतंय. तू गैरहजेरीचा अभ्यास करतेयस ना, मग सलग सहमत सहमत सहमत करत गेलेली ती 31 मुलं बघ, फॉर्मवर हजर आणि उत्तरात गैरहजर!

आता ‘ॲडजस्ट’. म्हणजे काय ते आपण दोघी जाणतो, रात्री बसून एक्सेलमध्ये काही पाचांचे तीन करायचे आणि काही तिनांचे दोन. हे करायचं नाही. गाईड कितीही सहज म्हणाले, ‘सगळेच करतात’ म्हणाले, तरी नाही. ह्याला बनावट डेटा म्हणतात, थिसिस शोधगंगेवर, म्हणजे थिसिसांच्या ऑनलाइन साठ्यावर, चढतो आणि मग तिथून उतरत नाही, दहा वर्षांनी तुझाच एखादा विद्यार्थी तो उघडून बसेल. पण ते 31 गुपचूप काढूनही टाकू नकोस, तो त्याच चुकीचा सभ्य प्रकार झाला. आधी वेगळे काढून ठेव. मग बघ ते कुठल्या वर्गातले आहेत, कुठल्या दिवशी भरलेले आहेत, फॉर्म वाटायला कोण उभं होतं. माझा अंदाज सांगू? तू तुझ्याच तासाला वाटलेस. इंटर्नलचे मार्क कोण देतं, तूच ना? आता त्या मुलाच्या जागी बस. समोर मॅडम उभ्या, हातात झेरॉक्स केलेली चार पानं, बाहेर एसटी सुटायची वेळ होत आलेली. ‘शिक्षक मला अडचणीत मदत करतात’ – सहमत. ‘शिक्षकांकडे जायला मला भीती वाटते’ – सहमत. तू म्हणतेस विरुद्ध उत्तरं आहेत, पण ही दोन्ही उत्तरं एकाच मुलाच्या बाबतीत खरी असू शकतात की, मॅडम मदतही करतात आणि भीतीही वाटते. आणि बाकीच्या विधानांचं म्हणशील तर मॅडमनी दिलेल्या कागदावर ‘असहमत’ लिहायला जो ताठपणा लागतो तो शिकवणारा विषय आपल्या सिलॅबसमध्ये कुठे आहे?

ह्यात तू एकटी फसलेली नाहीस. ज्यांचं नाव तुझ्या दुसऱ्या चॅप्टरमध्ये येणार आहे तेच लोक इथे पडलेले आहेत. होर्कहायमरचा जोडीदार अॅडॉर्नो 1938 मध्ये न्यूयॉर्कला आला तेव्हा रेडिओच्या एका प्रोजेक्टवर लागला आणि तिथे त्याचं प्रोजेक्टच्या प्रमुखाशी, लाझार्सफेल्डशी वाजलं, कारण अॅडॉर्नोचं म्हणणं संगीत ऐकणं, संस्कृती, ह्या गोष्टी अशा आकड्यांत मोजता येत नाहीत. ठीक. पण 1950 साली त्याच अॅडॉर्नोच्या नावाने, बर्कलीच्या तीन मानसशास्त्रज्ञांबरोबर, हुकूमशाही वृत्ती मोजायची एफ स्केल नावाची पट्टीच छापून आली! आणि त्या पट्टीतली सगळी विधानं एकाच बाजूने लिहिलेली, म्हणजे ‘सहमत’ म्हटलं की माणूस हुकूमशाही वृत्तीचा. साहजिकच ज्याला कशालाही मान डोलवायची सवय आहे तोसुद्धा त्यात हुकूमशाही वृत्तीचा निघायचा. थोड्याच वर्षांत लोकांनी हे पकडलं, भरपूर टीका झाली. त्या मानाने तू विरुद्ध अर्थाची विधानं घातलीस म्हणून तुझ्या फॉर्ममध्ये ते दिसलं तरी. तुझा फॉर्म बिघडलेला नाहीये गं, त्याने त्याचं काम केलंय.

आणखी एक सांगते, हे मला फार आवडतं. होर्कहायमर, अॅडॉर्नो ही मंडळी ज्या इन्स्टिट्यूटची, त्या फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन इन्स्टिट्यूटने 1929 ला जर्मन कामगारांच्या राजकीय मतांचा आणि राहणीचा मोठा सर्व्हे सुरू केला, मनोविश्लेषक एरिक फ्रॉम प्रमुख, पण धावपळ करणारी खरी बाई हिल्डे वाइस. प्रश्नावलीत 271 प्रश्न, तुझी चार पानं म्हणजे काहीच नाही. साधारण 3300 वाटल्या, 1100 च्या आसपास परत आल्या. पुढे हिटलर आला, इन्स्टिट्यूट आधी जिनिव्हा आणि मग न्यूयॉर्क असं पळत सुटलं, ह्या हलवाहलवीत कागद गहाळ झाले आणि हातात राहिल्या 584. त्यातही आत भांडणं, छापावं की नाही, 1939 मध्ये फ्रॉम बाहेर पडला, आणि ते सगळं पुस्तक म्हणून आलं 1980 साली! म्हणजे पन्नास वर्षांनी. तुझं पाचवं वर्ष चाललंय.

पण हे मी नुसतं धीर द्यायला सांगत नाहीये. त्या प्रश्नावलीत एक प्रश्न होता की मुलांना अजिबात मार न देता वाढवता येतं असं वाटतं का. आता हा प्रश्न राजकारणाच्या अभ्यासात कशाला? तर पक्षाचं विचारलं की माणूस पक्षाचं छापील उत्तर देतो, घरचं विचारलं की खरं बाहेर येतं, आणि उत्तरं त्यांनी शक्यतो माणसाच्या शब्दांत तशीच्या तशी उतरवून घेतली होती. त्यातून दिसलं की डाव्या पक्षाला मत देणाऱ्या बऱ्याच जणांची घरातली, बायकोमुलांबद्दलची उत्तरं त्या मताशी जुळत नव्हती. जे जुळलं नाही तेच त्यांच्या हाती लागलेलं सगळ्यात मोलाचं होतं. समजा तेव्हा फ्रॉमला कुणी म्हटलं असतं की टेबल नीट दिसत नाही, ॲडजस्ट कर?

असो. आता कोयत्याकडे येते, कारण खरं सांगू, त्या एका शब्दावर मी चहा गार होऊ दिला.

तुझ्या कारणांच्या यादीवर आधी बोलू. आजारपण, घरकाम, प्रवास, रस नाही. ही यादी कुठून घेतलीस? आधीच्या एखाद्या थिसिसमधून ना? आणि त्याने त्याच्या आधीच्यातून. कधीतरी कुणीतरी कुठल्यातरी शहरातल्या कॉलेजसाठी बनवली असेल. रागावू नकोस, पण बीड जिल्ह्यात बसून, दसरा-दिवाळीनंतर वस्त्याच्या वस्त्या ट्रकमध्ये बसून कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात जाताना दरवर्षी डोळ्यांनी बघून, तुझ्या फॉर्मवर ऊसतोड हा पर्याय नाही हे मला सगळ्यात जास्त लागलं. लहानपणापासून कानावर असलेला शब्द फॉर्म बनवताना गेला कुठे? तू काही मुद्दाम नाही गाळलास. संशोधनाची भाषा म्हणून आपल्याला जी शिकवली जाते तिच्यात तो शब्दच नाही, म्हणून तो ‘इतर’मध्ये जाऊन पडला.

आता होर्कहायमर वाच, आता कळेल. ‘क्रिटिकल थिअरी’ला आपल्याकडे चिकित्सक सिद्धांत म्हणतात आणि तिथेच निम्मी माणसं पळतात, माझ्या एका विद्यार्थ्याला खरंच वाटलेलं की हे मेडिकलचं काहीतरी आहे. पण घरात एखाद्या पोराला आपण ‘फार चिकित्सक आहे हो’ म्हणतो ना, म्हणजे ताटात वाढलेलं निमूट खात नाही, हे असंच का आणि कुणी ठरवलं विचारत बसतो, तो अर्थ धर. 1937 च्या ‘पारंपरिक आणि चिकित्सक सिद्धांत’ ह्या निबंधात होर्कहायमरने संशोधनाच्या दोन तऱ्हा सांगितल्या. जुन्या तऱ्हेचा संशोधक समजतो की मी काठावर उभा आहे, समोर नदी वाहतेय आणि मी पाणी मोजतोय. होर्कहायमर म्हणतो बाबा रे तू त्याच पाण्यात आहेस, तुझी पट्टी पण त्यातच भिजलेली आहे. म्हणजे जे दिसतं तेही समाजाने घडवलेलं आणि जो डोळा बघतो तोही. तुझ्या भाषेत सांगायचं तर मुलंही बीडची, गैरहजेरीही बीडची, आणि पाच पर्यायांची यादी बनवणारी तूही ह्याच विद्यापीठी व्यवस्थेने घडवलेली. बस, एवढं कळलं तरी तुझ्या थिसिसपुरता होर्कहायमर कळला.

आता तो ‘कोयता’ ह्यात ठेवून बघ. तुला माहीत आहे पण एक्झामिनर मुंबईचा आला तर त्याला माहीत नसेल, म्हणून थिसिसमध्ये सविस्तर लिही की ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते ह्याच हिशेबावर आणि पुढे सीझनभर ते फेडायचे टनावर ऊस तोडून. म्हणजे कोयता हे नुसतं हत्यार नाही, माणसं मोजायचं माप आहे, आणि त्या मापात बसायला लग्न झालेलं असावं लागतं. मुली बारावीनंतर किंवा एफवायला असतानाच का गायब होतात ह्याचा एक धागा इथे आहे. ‘अभ्यासात रस नाही’ हा तुझा पर्याय कारण पोराच्या डोक्यात ठेवतो. ‘कोयता’ ते कारण तिथून उचलून मुकादमाच्या वहीत ठेवतो. तुमच्या हजेरीपटावर तो गैरहजर, 75 टक्के भरत नाहीत म्हणून त्याला नोटीस, आणि त्याच वेळी दुसऱ्या एका वहीत तो हजर. गैरहजर हा शब्द कॉलेजचा आहे, हे तुझ्या पहिल्या चॅप्टरमध्ये आलं पाहिजे असं मला वाटतं.

थांब, पण लगेच उडू नकोस. त्या पोराला नक्की काय म्हणायचं होतं ते तुला माहीत नाही, मलाही नाही. तो स्वतः तोडीला जातो? की आईबाप जातात आणि हा म्हाताऱ्या आजीजवळ शेरडं आणि धाकटी भावंडं सांभाळत बसतो? की त्याचं लग्न ठरवलंय? की हा आपला कोयता गँगचे रील बघून मस्करी करतोय, ही पण शक्यता आहे बरं, विशीची पोरं आहेत. चारही अर्थ लिही, तुला कुठला जास्त शक्य वाटतो आणि का ते लिही आणि तिथे थांब. एका शब्दावर चाळीस पानं रचणारे लोक मी पाहिलेत, त्यातली काही पानं माझीच आहेत.

राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरूंनी 2002 मध्ये एक लेख लिहिला होता, भारतातली समाजशास्त्रं किती समतावादी आहेत असं विचारणारा, त्यात त्यांनी म्हटलं की आपल्याकडे सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि अनुभव-माहिती पुरवणारे शूद्र अशी वाटणी ज्ञानाच्या क्षेत्रात झालीय. गाईड सांगतात तसा थिसिस केलास तर तुझ्याकडे हीच वाटणी होईल बघ, दुसऱ्या चॅप्टरमध्ये फ्रँकफर्ट विचार करणार आणि चौथ्या चॅप्टरमध्ये बीड टिक मारणार. मधे पन्नास पानांची भिंत. ती पाडायची असेल तर विचार करायचा मान चौथ्या चॅप्टरलाही दे. आणि दुसऱ्या चॅप्टरला परदेशीच माणूस पाहिजे असंही नाही. एक मजा सांगते, होर्कहायमरने तो 1937 चा निबंध लिहिला तेव्हा ते इन्स्टिट्यूट न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या आसऱ्याला होतं, आणि त्याच कोलंबियात 1916 च्या मे महिन्यात 25 वर्षांच्या बाबासाहेबांनी जातीवरचा निबंध सेमिनारमध्ये वाचला होता. त्या निबंधाचा गाभा काय? तर जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्यावर. म्हणजे लग्न ही घरगुती बाब न मानता सगळी व्यवस्था ज्यावर फिरते ती किल्ली म्हणून बघितलं. तुझ्याकडे लग्न झाल्याशिवाय माणूस अख्खा कोयता होत नाही. मला वाटतं हाबरमासपेक्षा हा निबंध तुझ्या जास्त कामाचा आहे. फक्त तोही नुसता सजावटीला नको, वाचून, भांडून, जिथे लागू होत नाही तिथे होत नाही असं सांगून.

हाबरमास एका परिच्छेदात बसव. दडपणाशिवाय, समान पातळीवरून बोलणं कसं असावं ह्याचं त्याने एक चित्र उभं केलंय, त्याखाली तुझ्या मुलाखतीच्या खोलीचा नकाशा काढ. टेबल कुठे, खुर्च्या कुठे, उघडं दार कुठे, प्राचार्यांची खुर्ची तिथून किती पावलांवर. विनोद नाही करत, खरंच नकाशा काढ, आणि लिही की अमुक मुलाखतींत आवाज कमी झाला, अमुक प्रश्नाला मुलं दाराकडे बघत होती. हे सगळं तुझ्या डायरीत असेल. नसेल तर आज रात्री आठवेल तेवढं लिहून काढ आणि ‘नंतर आठवून लिहिलेलं’ अशी तारीख टाक.

मी माझं सांगते. माझ्या पीएचडीत मुली लायब्ररी किती वापरतात ह्याची मोजणी होती. रजिस्टरवर भरपूर सह्या, मुलींनी पण सांगितलं हो मॅडम वाचायला येतो, टेबल झकास. एक दिवस तिथले शिपाई काका स्टूलवर बसून फाटक्या पुस्तकांना खळ लावत होते, ते मान वर न करता म्हणाले, “मॅडम, ह्या वाचायला न्हाई येत, घरी उशिरा पोचावं म्हणून येतात.” मी हसले आणि ते वाक्य गाळलं, का तर काका सॅम्पलमध्ये नव्हते. व्हायवा छान झाला, पेढे वाटले. पुढे शिकवायला लागल्यावर हळूहळू कळलं की त्या अख्ख्या थिसिसमध्ये नव्हतं ते त्या एका वाक्यात होतं, घरी उशिरा का पोचायचंय हे विचारायचं मला सुचलं सुद्धा नाही. आता ते काकाही नाहीत.

त्या मुलीचं. ती लिहू नका म्हणाली ना, मग नाही लिहायचं. नाव बदलून, गाव बदलून, ‘एक विद्यार्थिनी’ करून पण नाही. तालुक्याच्या गावात नाव बदलल्याने काही लपत नाही, दोन खुणा दिल्या की तिसरं माणूस बरोबर ओळखतं. मला माहितीये ती मुलाखत तुझ्या सगळ्यात चांगल्या मुलाखतींपैकी असेल, म्हणून तर तुला टोचतंय. रेकॉर्डिंग पुसून टाक आणि तिला सांग की पुसलं. तिला बरं वाटेल, आणि वर्गात तुझ्याकडे बघायची तिची नजर ठीक राहील, तुला अजून तिला शिकवायचंय.

“मी कुणाची चिकित्सा करणार” ह्याचं उत्तर मला नीट देता येईल की नाही माहीत नाही. पण ते इन्स्टिट्यूट 1923 ला उभं राहिलं त्याचा पैसा माहितीये कुणाचा? फेलिक्स वाइल म्हणून एक जण, त्याच्या वडिलांनी अर्जेंटिनात धान्याच्या व्यापारात कमावलेला. धान्य व्यापाऱ्याच्या नफ्यावर भांडवलशाहीची चिकित्सा! आणि जानेवारी 1969 मध्ये विद्यार्थी इन्स्टिट्यूटमध्ये घुसले तेव्हा अॅडॉर्नोने पोलीस बोलावले, सत्तरेक पोरं उचलून नेली. बाहेर उभं राहून कुणीच करत नाही हे काम, आणि आत राहून करताना अशी शोभा होते कधीकधी. तू तासावर, तो पोरगा किंवा त्याचे आईबाप टनावर, दोघांचाही सीझन संपतो. पण म्हणून ‘आम्ही एकाच नावेत’ असं लिहू नकोस हं, तू सावलीत खडू धरतेस आणि त्याचे मार्क तुझ्या हातात आहेत. हे दोन्ही एका पानात लिही. एका पानात म्हणतेय. हल्ली स्वतःबद्दल पंधरा पानं लिहायची फॅशन आलीय, मी अशी, माझी जात अशी, माझा वर्ग असा, आणि सोळाव्या पानापासून पुन्हा तेच जुनं टेबल. त्यापेक्षा तुझ्या सीएचबीने डेटावर नक्की कुठे परिणाम केला ते सांग. प्राचार्यांना दार बंद करा असं तू का म्हणू शकली नाहीस? पुढच्या वर्षीची ऑर्डर त्यांच्या हातात म्हणून. एवढं एक वाक्य पुरे.

आता गाईड. वाईट माणूस असेल असं वाटत नाही मला. प्रोफेसर असतील तर आठ जण त्यांच्याखाली असू शकतात, तुझा चॅप्टर ते रात्री अकराला झोपेत वाचत असणार आणि त्यांना एक्झामिनरची क्वेरी नको आहे, इतकंच. त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोल. ‘सर गोंधळ झालाय’ म्हणू नकोस, लगेच ‘मग ॲडजस्ट कर’ येतं. ‘सर, होकाराकडे झुकणाऱ्या प्रतिसादांचं वेगळं विश्लेषण केलंय’ म्हण आणि दोन टेबलं समोर ठेव, एक 94 चं, एक 63 चं, फरक कुठे पडतो ते लाल पेनाने दाखव. ‘इतर’साठी तिसरं. सरांना टेबलं आवडतात, मग दोन जास्तच दे की. आणि गृहीतक सिद्धच झालं पाहिजे असं कुठल्याही नियमात नाही, ‘परिकल्पनेचा त्याग करण्यात येतो’ हे वाक्य शोधगंगेवर हजारदा सापडेल, त्याने कुणाची डिग्री अडलेली नाही. तरी अडून बसले तर त्याच संध्याकाळी साधा मेल टाक, ‘सर, आज बोलल्याप्रमाणे सर्व प्रतिसाद जसेच्या तसे ठेवून काम पुढे नेते आहे.’ भांडण नाही काही नाही, पण नोंद राहते. दर सहामाहीला कमिटीपुढे प्रेझेंटेशन असतंच, तिथे तीच टेबलं ठेव, बाहेरचं कुणीतरी ‘बरोबर आहे’ म्हणालं की सर तुझ्या आधी म्हणतील मीच सांगितलेलं. म्हणू दे.

साडेतीन हजार देऊ नकोस. यूजीसीच्या 2022 च्या नियमांमध्ये थिसिस देण्याआधी पेपर छापायची सक्ती काढलेली आहे, फक्त तुझ्या विद्यापीठाचं स्वतःचं काही परिपत्रक आहे का ते ऑफिसात जाऊन डोळ्यांनी बघ, कॅन्टीनमध्ये ऐकलेल्यावर जाऊ नकोस. छापायचंच असेल तर ‘इतर’वर छाप. तेवढा एकच विषय पेपर होण्यासारखा आहे आणि कुणीतरी फुकट छापेल.

राहिला तो मुलगा. तू अक्षरावरून ओळखलंस कारण तू त्याचे पेपर तपासतेस. फॉर्म देताना काय सांगितलं होतंस, नाव लिहू नका, कुणी कुणाचा हे कळणार नाही. त्याने त्या भरवशावर लिहिलं. आता तू त्याला गाठून ‘ते कोयता तू लिहिलंस ना’ विचारलंस की तो भरवसा गेला, आणि तो एकट्याचा नाही जाणार, संध्याकाळपर्यंत सगळ्या वर्गाला कळेल की मॅडम अक्षर ओळखतात. म्हणून नाही, त्याला बोलवायचं नाही. पाडव्याच्या सुमारास पोरं परत येतील. तेव्हा सगळ्या वर्गाला एकदम सांग की ‘इतर’ खूप जणांनी केलंय, माझी यादी अपुरी होती, ज्याला वाटेल त्याने येऊन सांगा काय काय घालायला हवं होतं, मार्कांचा संबंध नाही, आणि कॉलेजात नको तर बाहेर टपरीवर बसू. मग वाट बघ. कदाचित दुसरीच चार पोरं येतील आणि हा येणार नाही. आला तर चहा सांग दोन, आणि फोन पर्समध्येच राहू दे.